बिनकाकडाची शेवळं

कर्जत स्टेशनाबाहेरच्या रस्त्यावरून मी हेल्मेट घालून जातो. गाडीवरून नव्हे, चालत. आधी लोकांना वाटलं, सरांचं डोकं फिरलं. मग वाटलं, सरांनी गाडी विकली, पण सवय गेली नाही. खरं कारण एवढंच की उघड्या तोंडानं मला या रस्त्यावर दहा पावलं टाकता येत नाहीत. माथेरानची माकडं सोडली तर या भागात माझ्याइतके फोटो कुणाचेच निघालेले नाहीत. आणि माकडांना निदान त्याबद्दल चणे मिळतात.

मी वनस्पतिशास्त्र शिकवतो. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास चालू असेपर्यंत मी प्राध्यापक, आणि घंटा झाली की कडावचा एक रिकामा इसम. कॉलेजात मी रुजू झालो त्या आठवड्यात कुणा पाहुण्यांच्या हस्ते आवारात आंब्याचं रोप लावलं होतं. त्या रोपाला आळं मिळालं, कुंपण मिळालं, नावाची पाटी मिळाली, आता त्याला मोहोर येतो आणि शिपाई त्याच्या कैऱ्यांवर हक्क सांगतो. ते कायम झालं. मी अजून तासिकेवर.

तर अशा या माणसानं एक संशोधनलेख लिहिला. शेवळं आणि काकड यांच्यावर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, आमच्याकडच्यांनी पुढची ओळ सोडली तरी चालेल. शेवळं म्हणजे मिरगाच्या आगेमागे डोंगरउतारावर जमिनीतून भाल्यासारखी वर येणारी जांभळट रानभाजी. चव अशी मटणासारखी की सात पिढ्यांचा माळकरीसुद्धा दुसऱ्यांदा वाढून घेताना इकडंतिकडं बघतो. पण तिच्यात एक खोड आहे. नुसती शिजवून खाल्ली तर घशाला अशी खाज सुटते, की माणसाला वाटतं भाताचं तूस, कुसळ आणि आग्यामाशा एकदमच गिळल्या. उतारा एकच, काकड. आवळ्याएवढी हिरवी, आंबट-तुरट फळं. ठेचून त्यांचा रस भाजीत घातला की शेवळं गाईसारखी गरीब होतात. म्हणून आमच्याकडं शेवळं विकणारणीच्या टोपलीत बाजूला काकडं असायचीच. नवऱ्यामागं करवली असते तशी.

शेवळाच्या अंगात सूक्ष्मदर्शकाखाली बारीक सुया दिसतात. काकडाचा रस त्या सुयांचं नेमकं काय करतो, हा माझा लेख. त्यात मी माझ्या कितीतरी मे महिन्याच्या सुट्ट्या घातल्या. इंग्रजी शीर्षक इतकं लांब, की पोशीरला वाचायला घेतलं तर नेरळ आल्यावर पूर्णविराम लागतो. तो छापून आला आणि जगात कुठं पान हललं नाही. दोन परीक्षकांनी तो वाचला असावा, त्यातल्या एकानं वांग्याबद्दल काही का लिहिलं नाही असं विचारलं होतं, म्हणजे त्याच्याबद्दल शंकाच आहे. बायको म्हणाली, "मी पहिलं पान वाचलंय, शप्पत."

"काय होतं त्यात?"

"तुमचं नाव."

एके दिवशी प्राचार्यांनी केबिनमध्ये बोलावलं. दार स्वतः लावून घेतलं. त्यांनी दार लावलं की एकतर कुणाची बदली असते नाहीतर सामोसे.

"सर, वनस्पतिशास्त्राची जागा भरायची परवानगी आलीय," ते म्हणाले. "कायम. मुलाखत महिन्याभरात."

माझ्या पोटात मोहोर आला.

"पण समिती प्रभाव बघणार. तुमच्या लेखाचा प्रभाव काय?" त्यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडं वळवला. माझ्या लेखाच्या पानावर शीर्षकाशेजारी एक गोल कडं होतं. राखाडी. मध्ये शून्य. "हे बघा. फेसबुक, रील, बातम्या, कुठंही लेखाचा उल्लेख झाला की हे कडं रंगतं, आकडा वाढतो. मुंबईच्या कॉलेजवाल्यांची कडी बघा, इंद्रधनुष्य नुसतं. तुमचं बघा. सुतकात असल्यासारखं."

"सर, पण त्याच्या खाली संदर्भ म्हणून दुसरा आकडा असतो. दुसऱ्या संशोधकांनी आपला लेख किती वेळा आधाराला घेतला, तो खरा…"

"तो किती आहे तुमचा?"

"तोही शून्य."

"मग? संदर्भ यायला वर्षं लागतात. कडं चार दिवसांत रंगतं. मुलाखत कधी आहे?"

आता मी एवढा खुळा नव्हतो. कडं म्हणजे लग्नातली गर्दी आणि संदर्भ म्हणजे दुसऱ्या दिवशी मांडव उतरवायला थांबलेली माणसं, हा फरक मला कळत होता. पण ज्याला वर्षानुवर्षं मांडवाबाहेर उभं केलंय, त्याला गर्दीतून का होईना आत जायला मिळालं तर तो जातो. मी गेलो.

प्रसिद्धीचं काम आमच्या वाणिज्य विभागाच्या सरांकडं. हा माझा मित्र. लग्नाच्या व्हिडिओपासून दशक्रियेच्या बॅनरपर्यंत सगळं करतो, आणि दोन्हीला पार्श्वसंगीत एकच लावतो. त्यानं कडावला आमच्या स्वयंपाकघरात माझं रील काढलं. बायकोनं शेवळं सोलली, आतला पिवळा भाग काढला, काकडं ठेचली, फोडणी दिली, आणि मी कॅमेऱ्यासमोर असा काही बोललो की कढईतल्या शेवळांनी टाळ्या वाजवायच्या बाकी ठेवल्या. सुया सांगितल्या, काकड सांगितलं, रसाचं प्रमाण सांगितलं. शेवटी घास घेतला आणि म्हणालो, "शेवळं खा, बिनधास्त खा, विज्ञान तुमच्या पाठीशी आहे!"

मित्रानं ते अर्ध्या मिनिटावर आणलं. राहिलं काय? मी, जांभळी शेवळं, सूक्ष्मदर्शकाचा एक फोटो, घास, आणि "बिनधास्त खा". खाली लेखाची लिंक. काकड सगळं कापलं गेलं. हिरवा लगदा बघायला बरा दिसत नाही म्हणे.

आता इथं एक गोष्ट कुणाला खरी वाटणार नाही. ते रील टाकायच्या आधी मी बघितलं. बायकोनं बघितलं. स्टाफरूममध्ये सगळ्यांनी गोल करून बघितलं, प्राचार्यांनी दोनदा. एकालाही काकड दिसलं नाही याचं काही वाटलं नाही! कारण आमच्याकडं "शेवळं खा" म्हटलं की त्यात काकड आलंच. "भात खा" म्हणताना "आधी शिजवा" कोण सांगतो? कर्जत-खालापुरात जन्मलेल्या माणसाच्या डोक्यात बिनकाकडाचं शेवळं ही वस्तूच नाही. काकडावर लेख लिहिणारा मी, त्या मलासुद्धा काकड गेलेलं कळलं नाही.

पण रील काय फक्त कर्जतकरच बघतात?

दोन दिवसांत माझं कडं निळं झालं, मग लाल, मग पिवळं. प्राचार्य मधल्या सुट्टीत पडदा उघडून आकडा मोठ्यानं वाचायचे, एस.टी. स्टँडवर गाड्या पुकारतात तसा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी कौतुक वाचावं म्हणून रीलखालची मतं उघडली. पहिलंच मत होतं, "या माणसाचा पत्ता कुणाकडे आहे का?" मला वाटलं, सत्कारासाठी.

मग पुढची वाचली. दादर, ठाणे, पुणे, कुठून कुठून माणसं कर्जतची शेवळं घेऊन गेली होती, माझ्या भरवशावर नुसत्या फोडणीत टाकून खाल्ली होती आणि आता एका सुरात खाकरत होती. एका बाईंनी लिहिलं होतं, "आमच्या ह्यांनी दोन दिवस शब्द काढला नाही, तेवढाच फायदा." एक म्हणाला, "विज्ञान तुमच्या पाठीशी असेल, आमच्या घशाशी नाही." आणि जो तो शिवी देताना पुरावा म्हणून माझ्या लेखाची लिंक जोडत होता. कड्याला शिवी आणि ओवी सारखीच. जितके घसे खवखवले तितकं ते रंगलं. खालचा दुसरा आकडा, संदर्भांचा, तो मात्र शून्यावर समाधी लावून बसलेला.

मी तसाच उठून स्टेशनवर गेलो. तिथं जिन्याजवळ ठाकूरवाडीतली एक मावशी बसते. माझ्या लेखातली सगळी शेवळं तिच्याच टोपलीतली. मला बघून तिनं तोंड फिरवलं. तिच्या टोपलीत शेवळाची एक जुडी नव्हती आणि काकडांचा हा ढीग.

"काय गं मावशी, धंदा जोरात दिसतो."

"तुमी बोलूच नका, मास्तर. शेरातली मान्सं येत्यात, शेवळं उचलत्यात. मी म्हणतंय काकडं घ्या, तर म्हणत्यात, नको, त्या इडिओत नाय. मला फसवायला बघतीस काय म्हणत्यात. आन तीच मान्सं फिरून येत्यात आन माझ्यावरच वरडत्यात!"

"तू सांगायचं ना, खाज येईल."

"सांगितलं. तर म्हणला एक, सरांना जास्ती कळतं का तुला?" तिनं काकडांची पिशवी भरली आणि माझ्या अंगावर टाकल्यासारखी दिली. "घ्या. तुमच्यापायी राहिली, तुमीच खावा. नायतर तुमीच बसा हितं आन सांगा त्यान्ला."

मी पिशवी गाडीच्या हुकाला अडकवली आणि थेट प्राचार्यांकडं गेलो. दुसरं रील काढू या, आजच, काकडाचं. त्यांनी दार लावलं. सामोसे नव्हते.

"सर, जरा शांत डोक्यानं. तुम्ही खुलासा केला म्हणजे आधीचं चूक होतं असं झालं. कॉलेजच्या नावानं टाकलंय आपण. अहवालात तुमच्या कड्याचा फोटो पहिल्या पानावर आहे. मुलाखत होऊ दे. मग काकड घाला, चिंच घाला, काय घालायचं ते घाला."

"आणि तोवर लोकांचे घसे?"

"घसा बरा होतो हो. जागा परत येत नाही."

खरं सांगायचं तर मला हे बोलणं पटलं नाही, आणि त्याहून खरं सांगायचं तर मी गप्प बसलो. तेव्हापासून हेल्मेट. वडापाववाला "या शेवळंसर" म्हणून हाक मारायचा, की रांगेतले चार अनोळखी गळे वळायचे. केस कापायला बसलो तर न्हाव्यानं वस्तरा गळ्याला लावून विचारलं, "सर, ते रील तुमचंच ना?" त्याच्या मेव्हण्यानं डोंबिवलीला खाल्ली होती. मी त्या क्षणी नाव, गाव, धर्म, सगळं बदलायला तयार होतो. घरात राहावं तर फोन, बाहेर जावं तर फोनवाले. फोन बंद करावा तर प्राचार्य पायी येतील. खरं बोलावं तर जागा जाते, गप्प राहावं तर झोप. खेकडा जसा भोकात शिरतो आणि मग मोठा झाल्यावर त्याच भोकातून बाहेर येत नाही, तसं माझं झालं होतं. मोठं मात्र मी झालो नव्हतो, माझं कडं झालं होतं.

अशात संस्थेच्या कार्याध्यक्षांचा फोन आला. मुंबईचे गृहस्थ, खालापूरच्या बाजूला त्यांचं फार्महाऊस. मुलाखतीच्या समितीत तेच. "सर, रविवारी जेवायलाच या. मुलाखतीआधी जरा ओळख."

मी इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. गाडी आत घेतली आणि रिमोटचं गेट मागं बंद झालं. एवढं मोठं गेट मी आयुष्यात बघितलं नव्हतं. हत्ती आत घ्यायचं असावं, किंवा माणूस बाहेर जाऊ न द्यायचं. ओसरीत एक कुत्रं होतं, वासराएवढं. त्यानं मला हुंगलं आणि गेटच्या आणि माझ्या मधोमध जाऊन झोपलं.

साहेब मोकळ्या मनाचे. लेखाचं कौतुक केलं, कड्याचं जास्त केलं. "आपल्या संस्थेत असं कडं कुणाचंच नाही! तुमची जागा म्हणजे झालीच समजा, सर." मी मनातल्या मनात आंब्याच्या रोपाला रामराम घातला. आता मलाही आळं मिळणार होतं.

मग ताटं आली. ताटात जांभळट, तेलानं चमकणारी भाजी. आंबट वासाचा पत्ता नाही.

"तुमच्याच पद्धतीनं केलीय," साहेब म्हणाले. "आचाऱ्याला तुमचं रील दाखवलं. अगदी तसंच्या तसं. घ्या सर, सुरुवात तुम्हीच करायची. मान तुमचा."

मी ताटाकडं बघितलं. ताटानं माझ्याकडं बघितलं. नको म्हणावं तर जागेचं गेट बंद, खावं तर घशाचं. आणि खरं गेट तर बंदच होतं. इतकी वर्षं तासिकेवर काढलेल्या माणसाचा घसा काय, काहीही गिळायला तयार असतो. मी मोठा घास घेतला, चावला, गिळला आणि म्हणालो, "वा."

ते माझं शेवटचं अक्षर.

सूक्ष्मदर्शकाखाली मी त्या सुया किती वेळा बघितल्या होत्या, पण त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं. आता सगळ्या एकदम बघायला आल्या. घशात कुणीतरी झोपडी शाकारायला घेतली आणि दाभणानं टाके घालत वर वर येऊ लागलं. जीभ फुगून गुरांच्या डोणीएवढी झाली. डोळ्यांतून पाणी, कानांतून वाफ. तिकडं सोंडाईच्या डोंगरापर्यंत ऐकू जाईल असा ठसका आला, पण तोही निम्म्यात अडकला.

"डोळ्यांत पाणी आलं तुमच्या!" साहेब भारावून म्हणाले. "याला म्हणतात विषयावरचं प्रेम." आणि त्यांनी स्वतःचा घास उचलला.

मी सांगायला तोंड उघडलं, आवाज आला नाही. त्यांचा हात तोंडाशी चालला होता. त्या अर्ध्या मिनिटात (बरोबर तेवढंच असणार, माझं सगळं नशीब अर्ध्याच मिनिटात बसतं) मी काही विचार केला असं म्हणणं खोटं होईल. मी त्यांचं मनगट धरलं. संस्थेच्या कार्याध्यक्षांचं मनगट त्यांच्याच घरात, त्यांच्याच ताटावर. घास टेबलावर पडला. कुत्रं उठलं.

मी कुत्र्याला ओलांडून गाडीकडं धावलो. हुकाला मावशीची पिशवी तशीच होती. एक काकड दाढेखाली फोडलं, रस चोखला, दुसरं फोडलं, तिसरं. घशातले टाके एकेक उसवायला लागले. पिशवी आत आणून त्यांच्या चकचकीत टेबलावर ओतली आणि खरखरत्या आवाजात सगळं सांगून टाकलं. काकड, कात्री, प्राचार्य, खाकरणारी मुंबई, सगळं.

साहेबांनी एक काकड उचलून बोटांत फिरवलं.

"म्हणजे सर, लेख काकडाचा आहे?"

"काकडाचाच."

"आम्ही समितीत सगळ्यांनी कडं बघितलं. लेख नाही उघडला कुणी." मग एकदम त्यांचा चेहरा पडला. "गेल्या रविवारी आमच्या व्याह्यांना हीच भाजी खाऊ घातली मी. तेव्हापासून ते बोलत नाहीत आमच्याशी. मला वाटलं, मानपानावरून."

मी त्यांच्यापुढं चार काकडं सरकवली.

त्यांनी रिमोट काढला. गेट उघडलं. मी निघालो तेव्हा ते व्याह्यांना फोन लावत होते, आणि पलीकडून कुणी उचलत नव्हतं.

मुलाखत झाली. साहेब समितीत होते, पण माझ्याकडं बघायचं टाळून ते छताचा पंखा बघत होते. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी विचारलं, "तुमच्या लेखाचा प्रभाव काय सांगाल?" प्राचार्यांनी झटकन कड्याचा फोटो पुढं केला. मी म्हणालो, "सर, हे कडं म्हणजे घसे आहेत, वाचक नाहीत. वाचक अजून एकही नाही. तुम्ही वाचला तर पहिले." प्राचार्यांना तिथंच ठसका लागला, न खाताच.

निकाल लागला. योग्य उमेदवार आढळला नाही, जागा पुन्हा जाहीर करणार. म्हणजे मला नाकारलं नाही आणि घेतलंही नाही. कधी जाहीर करणार ते आंब्यालाच ठाऊक. मी पुन्हा तासिकेवर आहे. काकडाचं दुसरं रील मी आणि मित्रानं काढलं, त्यात एक सेकंद कापला नाही. ते मी बघितलं, बायकोनं बघितलं आणि मित्रानं बघितलं, तेही आवाज नीट आलाय का ते तपासायला. पहिलं मात्र अजून फिरतंय. मी कॉलेजच्या पानावरून ते काढायला लावलं तर दुसऱ्या हजार पानांवर उगवलं, शेवळासारखंच. खाली कंद राहिला की वर कितीही उपटा.

म्हणून मावशीचा हुकूम मी मानला. मिरगाच्या दिवसांत शनिवारी सकाळी तिच्या शेजारी बसतो, हेल्मेट घालून. परवा एक कुटुंब आलं. नवऱ्यानं वाकून काचेतून आत बघितलं.

"अहो, तुम्ही ते शेवळंवालेच ना? एक सेल्फी!"

सेल्फी झाला. त्याच्या बायकोनं दोन जुड्या उचलल्या. मी काकडांकडं बोट केलं.

"ते हिरवं नको."

"मंग शेवळं पन नाय," मावशी म्हणाली आणि जुड्या तिच्या हातातून काढून परत टोपलीत ठेवल्या. ती माणसं तणतणत गेली. जाता जाता फोटो कुठंतरी टाकलाही असणार.

"मावशी, गिऱ्हाईक गेलं ना गं."

"जाऊ दे तिकडं. घसा तरी वाचला त्यांचा. तुमी गप का बसलाव? वरडा की."

हेल्मेटच्या आत माझाच आवाज माझ्याच कानांत घुमत होता, बाहेर किती जात होता देव जाणे. तरी मी ओरडलो, "काकड घ्या, काकड!"